बैठक आधी, स्पीकर नंतर: लहान खोलीतील स्टिरिओची मांडणी

मराठवाड्यात घराच्या पुढच्या खोलीला अजूनही ‘बैठक’ म्हणतात, आणि गाणे ऐकण्यासाठी खोली लावताना हा शब्द अक्षरशः घ्यावा असे माझे मत आहे. बहुतेक घरांत स्पीकर आले की ते कुठे शोभतील हे आधी पाहिले जाते, टीव्हीच्या दोन बाजूंना किंवा शोकेसच्या माथ्यावर त्यांची जागा ठरते, आणि उरलेल्या भिंतीला गादी किंवा सोफा टेकवला जातो. दहा बाय बाराच्या खोलीत हा क्रम उलटा करावा लागतो. ऐकणाऱ्याचे डोके खोलीत नेमके कुठे असेल हे आधी ठरवावे आणि त्या जागेवरून मोजून स्पीकर ठेवावेत. कारण खर्जाचा, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वरांचा, बराचसा निकाल बसण्याच्या जागेवर लागतो, आणि ती जागा चुकली तर कितीही महाग अ‍ॅम्प्लिफायर घेतला तरी ती चूक भरून निघत नाही.

परभणीतल्या माझ्या खोलीत मी जवळजवळ वर्षभर मागच्या भिंतीला टेकून ऐकत होतो. डग्ग्याचा प्रत्येक घुमारा फुगून येई, त्याखाली तानपुऱ्याचा खर्ज आणि पेटीचे खालचे स्वर दबून जात, आणि हा दोष स्पीकरचाच आहे असे मी धरून चाललो होतो. दिवाळीपूर्वी रंगकाम निघाले तेव्हा सगळे सामान भिंतींपासून ओढून खोलीच्या आत घेतले होते. संध्याकाळी त्याच अवस्थेत गादीवर बसून एक जुना ख्याल लावला, आणि डग्ग्याचे प्रत्येक अक्षर वेगळे ऐकू आले. स्पीकर तेच होते, तारा त्याच होत्या. फक्त गादी भिंतीपासून चार-साडेचार फूट पुढे आली होती. पुढे जे लिहिले आहे ते त्या संध्याकाळनंतर मोजमाप घेऊन, वाचून आणि पुन्हा पुन्हा सामान हलवून पाहिल्यावर पक्के झालेले आहे.

साहित्य थोडे लागते: मेजर टेप, सुतळी, खडू, एक हातआरसा आणि ठरावीक वारंवारतेचा स्वर वाजवणारे कोणतेही मोफत अ‍ॅप असलेला फोन. उदाहरणासाठी मी 10 फूट रुंद, 12 फूट लांब आणि 10 फूट उंच अशी खोली धरली आहे, कारण आपल्याकडच्या स्लॅबच्या घरांत हे माप वारंवार आढळते. आपल्या खोलीचे माप वेगळे असेल तर आकडे बदलतील, रीत बदलणार नाही.

खर्ज भिंतींमध्ये कसा अडकतो

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 1130 फूट जातो. त्यामुळे 50 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 50 कंपनांच्या, स्वराची एक लहर साडेबावीस फुटांहून थोडी अधिक लांब असते, म्हणजे बारा फुटी खोलीत ती पूर्ण उलगडतच नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमधले अंतर लहरीच्या अर्ध्या लांबीइतके झाले की जाणारी आणि परतणारी लहर एकमेकींत मिसळून जागच्या जागी उभी राहते. अशा वेळी तो स्वर दोन्ही भिंतींजवळ फुगतो आणि बरोबर मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो. हा स्वर कोणता हे काढण्याचे सोपे सूत्र असे की 565 या संख्येला दोन भिंतींमधल्या फुटांनी भागावे. बारा फुटांच्या लांबीला 47 हर्ट्झ येतात आणि दहा फुटांच्या रुंदीला साडेछप्पन. याच स्वरांच्या दुपटीवर आणि तिपटीवरही असेच घडते, फक्त फुगण्याच्या आणि विरण्याच्या जागा बदलतात. दुपटीच्या स्वरासाठी भिंतीपासून एक चतुर्थांश अंतरावर तो विरतो आणि मध्यभागी पुन्हा भरतो.

आपल्या उदाहरणातल्या खोलीची उंचीही दहा फूट असल्याने साडेछप्पन हर्ट्झचा स्वर रुंदीतही अडकतो आणि उंचीतही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा फूट असली तर तो तीन बाजूंनी अडकतो, आणि म्हणूनच घरात दोन खोल्यांपैकी एक निवडण्याची मुभा असेल तर चौरस खोली सोडून लांबट खोली घ्यावी, मग ती क्षेत्रफळाने थोडी लहान असली तरी चालेल. चौरस खोलीत स्पीकर कोपऱ्याकडे पाठ करून तिरपे मांडण्याचा सल्ला कधी कधी दिला जातो. त्याने बाजूच्या भिंतींवरचे परावर्तन कमी त्रास देते हे खरे, पण जागा फार जाते आणि खर्जाचा मूळ प्रश्न तसाच राहतो, म्हणून मी तो मार्ग सुचवणार नाही.

हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे 12 अंश आणि मे महिन्याच्या दुपारी 42 अंश तापमान असू शकते. एवढ्या फरकाने दहा फुटांत अडकणारा स्वर साधारण साडेपंचावन्न हर्ट्झवरून साडेअठ्ठावन्नपर्यंत सरकतो. त्यासाठी गादी हलवण्याची गरज नसते, पण हिवाळ्यात मोजलेला फुगवटा उन्हाळ्यात किंचित वर सापडला तर मोजणी चुकली असे समजू नये.

जुन्या माळवदाच्या घरांत परिस्थिती थोडी निराळी असते. तिथे खोली फुटांत सांगण्याऐवजी खणांत सांगतात, ती अरुंद आणि लांब असते, आणि वरच्या तुळया-पाटणांमुळे छतावरून येणारे परावर्तन एका दिशेने न येता विखुरते. मातीच्या खडबडीत भिंतीही गुळगुळीत प्लास्टरपेक्षा मवाळ असतात. अशी खोली मिळाली तर वरच्या स्वरांची निम्मी चिंता मिटते. खर्ज मात्र तिथल्या जाड भिंतींमध्येही तसाच अडकतो, आणि बसण्याची जागा तिथेही मोजूनच ठरवावी लागते.

डोके कुठे असावे

स्पीकर शक्यतो आखूड भिंतीकडे असावेत आणि ऐकणाऱ्याने खोलीच्या लांबीच्या दिशेने पाहावे, म्हणजे त्याच्या पाठीमागे जागा उरते. आता मागच्या भिंतीपासून लांबीच्या 38 टक्के अंतर मोजावे. बारा फुटांत हे अंतर साधारण साडेचार फूट येते. मोजायचे असते ते कानापासून, गादीच्या कडेपासून नव्हे. ही चूक फार होते आणि तिने फूट-दीड फुटाचा फरक पडतो. हा आकडा निवडण्यामागे साधे कारण आहे: खोलीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे सहा फुटांवर, 47 हर्ट्झचा स्वर विरतो, तीन फुटांवर 94 हर्ट्झचा विरतो, आणि भिंतीजवळ सगळेच फुगतात. साडेचार फुटांवर यांपैकी कोणताही स्वर पूर्ण हरवत नाही आणि कोणताही पूर्ण भरात नसतो.

तरीही हा आरंभबिंदू समजावा. खोलीला दार असते, खिडकी असते, लोखंडी कपाट असते, आणि प्रत्येक गोष्ट खर्जाला थोडी वाट देते किंवा अडवते. म्हणून एक स्पीकर तात्पुरता पुढच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवावा, कारण कोपऱ्यातून सगळे अडकणारे स्वर जागे होतात. मग फोनवरून 40 ते 120 हर्ट्झपर्यंत पाच-पाचच्या अंतराने एकेक स्वर मध्यम आवाजात लावावा आणि बसलेल्या उंचीवर डोके ठेवून मागच्या भिंतीपासून हळूहळू पुढे सरकावे. एखाद्या जागी 45 चा स्वर गर्जतो आणि 60 चा ऐकूच येत नाही. अर्धा फूट पुढे गेल्यावर दोघांतले अंतर कमी होते. ज्या जागी हे सगळे स्वर त्यातल्या त्यात सारखे वाटतात, तिथे खडूने खूण करावी. या कामाला तास-दीड तास लागतो, आणि एवढ्या लाभाचे दुसरे कोणतेही काम या सबंध मांडणीत नाही. लहान स्पीकरला 50 हर्ट्झच्या खाली फारसे वाजवता येत नाही. तसे असेल तर तिथपासूनच सुरुवात करावी, आवाज चढवून त्याच्यावर जबरदस्ती करू नये.

मागची भिंत दूर ठेवण्याचा दुसराही लाभ आहे. डोके भिंतीपासून सहा इंचांवर असेल तर स्पीकरकडून आलेला ध्वनी भिंतीला लागून एका मिलिसेकंदाच्या आत कानावर परत येतो, आणि मूळ स्वर व त्याची परतलेली छाया यांची सरमिसळ होऊन गायकाची जागा अस्पष्ट होते. साडेचार फूट अंतर असेल तर तीच छाया आठ मिलिसेकंदांनी आणि बरीच क्षीण होऊन येते. खोली इतकी लहान असेल की गादी भिंतीलाच लावावी लागते, तर निदान डोक्यामागच्या भिंतीवर चार इंच जाडीची कापसाची गादी उभी बांधावी. त्याने खर्जाचा फुगवटा जाणार नाही, पण वरचा भाग स्वच्छ होईल.

त्रिकोण सुतळीने मापावा

1931 मध्ये इंग्लंडमधील अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. आज आपण घरात जे ऐकतो त्याचा पाया त्यातच आहे: दोन स्पीकर, दोन कान, आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या हवेत उभा राहणारा गायक. तो तिथे उभा राहावा यासाठी दोन्ही स्पीकर कानांपासून सारख्या अंतरावर असणे ही पहिली अट आहे, आणि ती डोळ्यांच्या अंदाजाने पुरी होत नाही.

पुढच्या आणि मागच्या भिंतीचा मध्य काढून दोघांमध्ये खडूची रेघ मारावी. आपल्या घरांच्या भिंती पुष्कळदा काटकोनात नसतात, म्हणून गवंडी पायाची आखणी करताना जसा 3, 4 आणि 5 फुटांचा त्रिकोण धरून काटकोन तपासतात, तसे इथेही तपासावे. पुढच्या भिंतीपासून अडीच फुटांवर, मधल्या रेघेला काटकोनात दुसरी रेघ मारावी. या रेघेवर स्पीकरची पुढची बाजू येईल. ऐकणाऱ्याचे कान पुढच्या भिंतीपासून साडेसात फुटांवर आहेत, म्हणजे कान आणि ही रेघ यांत पाच फूट अंतर आहे. समभुज त्रिकोण हवा असेल तर त्याची प्रत्येक बाजू 5 फूट 9 इंच येते. मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना 2 फूट साडेदहा इंचांवर खुणा कराव्यात. स्पीकरच्या मध्यापासून बाजूची भिंत मग साधारण 2 फूट 1 इंचावर राहते.

आता ऐकण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर, एखाद्या खुर्चीच्या पाठीला सुतळी बांधून ती दोन्ही स्पीकरच्या ट्विटरपर्यंत, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या लहान पडद्यापर्यंत, आळीपाळीने ताणावी आणि सुतळीला गाठ मारावी. दोन्हीकडे गाठ एकाच जागी आली पाहिजे. अर्ध्या इंचापर्यंतचा फरक चालेल. दोन इंचांचा फरक असेल तर गायक जवळच्या स्पीकरकडे सरकलेला ऐकू येईल, आणि तो दोष आवाजाच्या समतोलाचे बटण फिरवून पुरता झाकला जात नाही.

पुढच्या भिंतीपासूनचे अंतर ठरवताना आणखी एक हिशेब लक्षात घ्यावा. खालचे स्वर स्पीकरच्या पाठीमागेही पसरतात, भिंतीला लागून परततात, आणि ज्या स्वराच्या लहरीचा चौथा हिस्सा या अंतराइतका असतो तो परतताना उलट्या पावलाने येऊन मूळ स्वराला मारतो. 282 या संख्येला भिंतीपासूनच्या फुटांनी भागले की तो स्वर कळतो. अडीच फुटांना 113 हर्ट्झ, दोन फुटांना 141, एका फुटाला 282. एक फुटावर ठेवल्यास हा खड्डा थेट गळ्याच्या आणि पेटीच्या मध्यसप्तकात येतो, आणि आवाज पोकळ वाटतो. त्यामुळे दोन मार्ग उरतात: स्पीकर अडीच-तीन फूट पुढे ओढावेत, किंवा जागाच नसेल तर पाठ भिंतीला अगदी भिडवावी, म्हणजे खड्डा आणखी वर सरकतो, जिथे स्पीकर पाठीमागे फारसा ध्वनी सोडत नाही. दुसऱ्या मार्गाने खर्ज वाढतो आणि तो थोडा कमी करून घ्यावा लागतो. ज्या स्पीकरच्या पाठीला हवेसाठी भोक असते त्यांना हा मार्ग मानवत नाही. पुढची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन ही तिन्ही अंतरे एकसारखी येऊ देऊ नयेत, कारण मग तिघांचे खड्डे एकाच स्वरावर पडतात. कोनाड्यात किंवा फडताळात स्पीकर बसवणे तर कटाक्षाने टाळावे. कोनाडा स्वतःच घुमतो आणि ते घुमणे प्रत्येक गाण्याला चिकटते.

गादीवर बसणाऱ्यांसाठी उंची

बाजारात मिळणारे बहुतेक स्टँड खुर्चीवर किंवा सोफ्यावर बसणाऱ्याच्या उंचीचे असतात, आणि आपल्याकडे गाणे ऐकायला माणूस लोडाला टेकून गादीवर बसतो. हा फरक लहान नाही. खुर्चीवर बसलेल्या प्रौढ माणसाचा कान जमिनीपासून साधारण 40 इंचांवर असतो. चार इंची गादीवर मांडी घालून बसल्यास तो 30 ते 32 इंचांवर येतो. ट्विटर कानाच्या पातळीत असावा लागतो, कारण बऱ्याच दुमार्गी स्पीकरमध्ये उभ्या दिशेने थोडे वर-खाली झाले तरी ट्विटर आणि वूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा पडदा) यांच्या सांध्यावरचा स्वर दबतो आणि गळ्याचा पोत बदलतो. लहान स्पीकरचा ट्विटर त्याच्या तळापासून दहा इंचांवर असेल तर गादीसाठी वीस-बावीस इंचांचा स्टँड हवा. उंच स्टँड आधीच घेतलेला असेल तर पुढच्या बाजूने स्पीकर किंचित खाली झुकवावा, मागे लाकडाची पाचर द्यावी, आणि पाचर सरकणार नाही याची खात्री करावी.

स्टँड विकतच घेतला पाहिजे असे नाही. फॅब्रिकेशनच्या दुकानात चौकोनी पाइपचा, रुंद तळाचा स्टँड मापाने करून मिळतो. तो पोकळ राहिला तर घणघणतो, म्हणून पाइपात वाळलेली, चाळलेली वाळू भरावी. तळाखाली शहाबादी फरशीचा तुकडा आणि स्पीकरखाली रबराच्या चार जाड चकत्या दिल्या की स्पीकरचा थरथराट स्टँडमध्ये फारसा उतरत नाही.

स्पीकर ऐकणाऱ्याकडे किती वळवावेत याबद्दल कानावर विश्वास ठेवावा, परंतु सुरुवात अशी करावी की दोन्हींचे रोख डोक्याच्या फूटभर मागे एकमेकांना छेदतील. गादीवरून पाहिल्यास प्रत्येक स्पीकरची आतली बाजू अगदी थोडी दिसते. स्वर टोचत असतील तर थोडे सरळ करावेत. मधला गायक पसरट वाटत असेल तर आणखी वळवावेत. घरात तिघे-चौघे एका रांगेत बसणार असतील तर रोख त्यांच्या पुढेच छेदू द्यावा. मग जो डावीकडे बसतो तो डाव्या स्पीकरच्या जवळ असला तरी त्याच्या रोखाबाहेर पडतो आणि उजव्या स्पीकरच्या रोखात येतो, त्यामुळे गायक त्याच्यासाठीही बऱ्यापैकी मध्याकडे राहतो. मधल्या माणसाला यात थोडे सोडावे लागते. घरात गाणे एकट्याचे नसते, त्यामुळे ही तडजोड मला योग्य वाटते.

भिंती, फरशी आणि कापूस

रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवावी. प्लास्टरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये ती फडफडत राहिली तर तोच फडफडाट सतारीच्या प्रत्येक आघातालाही लागणार आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला सुतार लेणे म्हणतात, उच्चारलेला स्वर दगडी कमानीखाली बराच वेळ रेंगाळतो, आणि तिथे त्याचे रेंगाळणे सुंदर असते, कारण तिथे ऐकायला तेवढेच असते. आपल्या खोलीत ध्वनिमुद्रणाने आपला निनाद सोबत आणलेला असतो. त्यावर खोलीने स्वतःचा आणखी एक चढवला की दोन्ही बिघडतात.

निनाद मोजण्याची रीत अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी घालून दिली. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात शब्द कळत नसत, ते दुरुस्त करण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि त्यांनी दुसऱ्या सभागृहातल्या बैठकीच्या गाद्या रात्री तिथे वाहून आणून, ऑर्गनची नळी वाजवून आणि घड्याळ लावून, किती गाद्यांनी निनाद किती कमी होतो हे मोजले. शोषणासाठी त्यांनी उघड्या खिडकीचे एकक वापरले, कारण उघड्या खिडकीतून बाहेर गेलेला ध्वनी परत येत नाही. त्यांचे सूत्र फुटांत मांडले तर घनफळाला 0.049 ने गुणून शोषणाने भागावे. आपल्या 1200 घनफुटांच्या खोलीत निनाद 0.4 सेकंदावर आणायचा असेल तर सुमारे 147 चौरस फूट उघड्या खिडकीइतके शोषण लागते. भिंती, छत आणि जमीन मिळून खोलीचा पृष्ठभाग 680 चौरस फूट आहे, म्हणजे पाचव्या हिश्शाहून थोडे अधिक. यात गाद्या, लोड, सतरंजी, पडदे आणि बसलेली माणसे सगळी आली. सगळी खोली कापडाने मढवण्याची गरज नाही हे या हिशेबातून दिसते, आणि तशी मढवली तर पातळ कापड फक्त वरचे स्वर खाऊन टाकते, खर्ज तसाच राहतो, आणि गाणे गोणपाटाआडून आल्यासारखे मंद वाटते.

म्हणून जाडी महत्त्वाची. एका पदराची चादर काही हजार हर्ट्झच्या वरच काम करते. भिंतीपासून तीन-चार इंच पुढे टांगलेली जाड गोधडी त्याहून खाली पोहोचते. चार इंच कापूस आणि त्यामागे तेवढीच पोकळी असेल तर काही शे हर्ट्झपर्यंत शोषण मिळते. मराठवाडा कापसाचा मुलूख आहे. जुन्या गाद्या पिंजून घेऊन, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच लाकडी चौकटीत भरून, वरून सैल विणीचे सुती कापड ताणून लावले तर उत्तम तक्ते होतात, आणि कापडातून फुंकर सहज आरपार जाते की नाही एवढी एकच परीक्षा पुरते. पावसाळा संपल्यावर ते उन्हात टाकावेत, नाहीतर कापूस ओल धरतो आणि कसर लागते. दिव्याच्या तारा आणि प्लग यांपासून ते दूर असावेत, कारण कापूस लगेच पेट घेतो. भिंतींना अंड्यांचे ट्रे किंवा थर्मोकोल लावण्याची पद्धत अजून दिसते. ट्रे पातळ असतो आणि थर्मोकोलमध्ये हवा शिरत नाही, म्हणून दोन्हींचा उपयोग नगण्य आहे, आणि आग लागल्यास दोन्ही धोक्याचे आहेत.

तक्ते कुठे लावायचे हे आरसा सांगतो. ऐकण्याच्या जागी एकाने बसावे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून ट्विटरच्या उंचीवर आरसा सरकवत न्यावा. ज्या जागी बसलेल्याला आरशात त्याच बाजूचा स्पीकर दिसतो तिथून पहिले परावर्तन येते. आपल्या मापात ही जागा स्पीकरच्या रेघेपुढे साधारण दीड फुटावर पडते, आणि तिथून परतलेला ध्वनी थेट ध्वनीच्या मागे अवघ्या अडीच मिलिसेकंदांनी पोहोचतो. एका बाजूला तक्ता आणि दुसऱ्या बाजूला उघडी काच असे करू नये. दार किंवा खिडकी एका बाजूलाच असेल तर स्पीकरची भिंत निवडतानाच ती ऐकणाऱ्याच्या मागे जाईल असे पाहावे. फरशीवर, स्पीकर आणि गादी यांच्यामध्ये, जाड सतरंजी किंवा जाजम अंथरावे. खर्जासाठी मात्र सगळ्यात जाड कापूस कोपऱ्यांत ठेवावा: घडी घातलेल्या दोन-तीन गाद्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत उभ्या केल्या तर फुगवट्याची धार कमी होते. पाठीमागच्या भिंतीला पुस्तकांचे उघडे कपाट असेल तर ते तिथेच राहू द्यावे. कमी-अधिक खोलीची पुस्तके परावर्तन विखुरतात.

ऐकून पाहताना

आधी जोडणी तपासावी. दोन तारांपैकी एकीकडे लाल-काळे उलटे झाले असेल तर खर्ज पातळ होतो आणि गायक कुठेच सापडत नाही. तारांवरील खुणा पुसट असतील तर अ‍ॅम्प्लिफायरकडून तार सोडवून तिला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा: सेलचे धन टोक लाल तारेला लावल्यावर दोन्ही वूफरचे पडदे एकाच दिशेने, बहुधा बाहेर, सरकले पाहिजेत.

मग एकाच गळ्याचे, मोनो काळातले ध्वनिमुद्रण लावावे. दोन्ही स्पीकर सारखेच वाजत असताना गळा बरोबर मध्यावर, तळहाताएवढ्या जागेत ऐकू यायला हवा. तो डावीकडे झुकला तर सुतळी पुन्हा ताणावी. त्यानंतर स्टिरिओतली मैफल ऐकावी, ज्यात तबला एका बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला आणि तानपुरे मागे असतात. तानपुरा हा उत्तम परीक्षक आहे: चारही तारांचा जवारीचा झंकार अखंड, गळ्यामागे आणि दोन्ही स्पीकरच्या पलीकडे पसरलेला वाटला तर बाजूच्या भिंती काबूत आल्या असे समजावे. डग्ग्याचा मींड खालून वर जाताना एखाद्या स्वरावर अचानक मोठा झाला तर गादी तीन-तीन इंच पुढे-मागे करून पाहावी, आणि गादी हलली की सुतळीने स्पीकरही जुळवून घ्यावेत. एका वेळी एकच गोष्ट हलवावी आणि तेच गाणे, त्याच आवाजात ऐकावे.

सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर, असेल तर त्याची जागा शोधण्याची रीत उलटी आहे. तो ऐकण्याच्या जागी, गादीवर ठेवून वाजवावा आणि आपण भिंतींच्या कडेने रांगत जाऊन खर्ज जिथे सर्वांत समान ऐकू येतो तिथे तो न्यावा.

उन्हाळ्यात कूलरचा प्रश्न येतोच. खोलीत कूलर सुरू असताना तानपुरा आणि मंद आलाप त्याच्या घरघरीत बुडतात, आणि मग आपण नकळत आवाज वाढवतो. कूलर खिडकीबाहेर ठेवूनही वारा आत येतो, पण मोटारीचा आवाजही येतो, म्हणून खोली संध्याकाळी गार करून घ्यावी आणि ऐकताना तो बंद ठेवून पंखा मंद गतीवर लावावा. स्पीकर पावणेसहा फुटांवर असल्यामुळे फार मोठ्या आवाजाची गरज पडत नाही. बोलण्यापेक्षा थोडा वर एवढा आवाज तासभर ऐकायला पुरतो आणि कान थकत नाहीत.

सगळे जुळले की स्टँडच्या चारही पायांभोवती आणि गादीच्या पुढच्या दोन कोपऱ्यांशी फरशीवर रंगाच्या बारीक खुणा कराव्यात, खडूच्या नव्हे. भाद्रपदात महालक्ष्म्या याच खोलीत बसतात, तीन दिवस आरास असते, आणि स्पीकर, गाद्या, तक्ते सगळे आतल्या खोलीत जाते. विसर्जनानंतर सामान परत आणताना खुणांवर ठेवता येते. गाठ मारलेली ती सुतळी जपून ठेवलेली असली तर दोन मिनिटांत ताणून दोन्ही अंतरे पुन्हा पाहता येतात. मी ती रेकॉर्डांच्या कपाटात, वरच्या खणात ठेवतो.